तवंग

"पोट कसं आहे?"

नागपूरजवळच्या वाडीत, आमच्या गल्लीत मॅडम भेटल्या की पहिला प्रश्न हाच. दूधवाल्याला हाच, खांद्यावरून गॅसचं सिलिंडर उतरवणाऱ्याला हाच, आणि मतं मागायला आलेल्या उमेदवारालासुद्धा हाच. तो बिचारा हात जोडून दारात उभा, मागे त्याची माणसं झेंडे घेऊन. मॅडमनी त्याला चष्म्यावरून न्याहाळलं आणि विचारलं, "पोट साफ होते काय रोज?" माणूस निवडून आला, पण आमच्या गल्लीत पुन्हा फिरकला नाही. कोपऱ्यावरचा खड्डा अजून आहे, आणि मॅडमच्या मते त्या माणसाचं उत्तर 'नाही' असंच असणार.

मी त्यांचा भाडेकरू होतो. अमरावती रोडच्या कडेची ट्रान्सपोर्टची गोदामं संपली की मागच्या अंगाला जी घरं लागतात, त्यांतलं एक त्यांचं. वरच्या मजल्यावर त्या एकट्या, खाली ओळीनं खोल्या, आणि खोल्यांमध्ये आम्ही. कोणी ड्रायव्हर, कोणी बुकिंग ऑफिसातला कारकून, मी एका गोदामात सुपरवायझर. मॅडमनी आयुष्यभर ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर ते थांबवायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ठेंगणी, सडपातळ मूर्ती, सुती साडी, साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज आणि अंबाड्यात खोचलेलं लाल पेन.

त्या पेनाचा धाक मोठा होता. लग्नपत्रिका आली की आधी तपासली जायची, मग आहेराचा विचार. भाजीवालीच्या टोपलीतलं वांगं मनासारखं निघालं तर मॅडम तिथंच त्याच्यावर लाल शाईनं बरोबरची खूण करायच्या. भाजीवाली आधी चिडायची. पुढे पुढे खूण केलेली वांगी ती वर मांडायला लागली, कारण ती आधी खपायची.

बोलणं एरवी अस्सल नागपुरी. पण बोलता बोलता शरीराचा विषय आला की भाषेला एकदम इस्त्री व्हायची. 'यकृत', 'स्वादुपिंड', 'आद्यांत्र' असे शब्द त्या अशा आदरानं उच्चारायच्या, की ही सगळी त्यांच्या घरची वडीलधारी माणसं असावीत. शरीरातल्या कुठल्याही गोष्टीला 'घाण' म्हणायची घरात बंदी होती. एकदा एक ड्रायव्हर शिंकरून "घाण निघाली" म्हणाला, तर त्याला अंगणात उभं करून नाकातल्या शेंबडाचं कार्य ऐकवलं. तो बंगालपर्यंत ट्रक नेणारा माणूस. कोणाच्या बापाला न भिणारा. पण त्या दिवसानंतर शिंकायलासुद्धा गल्लीबाहेर जायचा.

आणि त्यांचं एक ठाम मत होतं, जे त्या कोणालाही, कुठंही, जेवणाच्या ताटावरही ऐकवायच्या. "तुमचं पोट रोज सकाळी पेपर सोडवून देते. अन् तुम्ही लोक न तपासता फेकून देता."

आम्ही हसायचो. मी जरा जास्तच हसायचो, कारण माझा पेपर कोणी तपासू नये अशी माझी फार इच्छा होती.

झालं होतं असं. त्याच्या दोनेक वर्षं आधी माझ्या स्वादुपिंडाला सूज आली आणि रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात मी बरेच दिवस पडून होतो. कारण सापडलं नाही. वाडीत एकट्यानं राहणारा माणूस दारू पीत नाही यावर कोणाचाच विश्वास बसत नाही, तेव्हा लोकांना कारण आपोआप सापडलं. मी घरी आलो, दुखणं थांबलं, पण अंग काही भरेना. उलट उतरतच गेलं. खायचो तेवढं कुठं जात होतं कोण जाणे. डॉक्टर दर वेळी विचारायचे, पोट कसं आहे, आणि मी दर वेळी सांगायचो, बरं आहे. खरं काय ते तोंडातून निघत नव्हतं. शाळेपासून ज्या गोष्टीचं नाव घ्यायला लाजलो, ती गोष्ट टाय लावलेल्या माणसासमोर कशी बोलायची? मी आपला तेल-तूप बंद करून उकडलेलं खात राहिलो. गोदामात मजूर मला ट्रकवर चढू देईनात. मालकानं दयाळूपणे गेटजवळ खुर्ची टाकून दिली. ती खुर्ची मला फार लागली. गावाहून माय फोनवर एकच घोकायची, "घरी ये बाबू." आणि मला माहीत होतं, एकदा गावी गेलो की मी कायमचा खाटेवरचा मुलगा होणार. गोदाम, वाडी, नागपूर, सगळं संपलं.

त्या उन्हाळ्यात अंगणातली पाण्याची टाकी रोज सकाळीच तळाला जायला लागली. वाडीत मे महिन्यात टँकर येईल तेव्हा पाणी. मॅडम टाकीकडे पाहायच्या, मग आमच्याकडे. एका सकाळी मी अंगणातल्या संडासातून बाहेर आलो तर समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मॅडम पेपर वाचत बसलेल्या.

"थांब," त्या पेपरातून मान न काढता म्हणाल्या.

थांबलो.

"एवढ्या बादल्या काहून ओतून राहिला गा तू? आतमंदी शेती करून राहिला काय?"

"नाही मॅडम. ते..."

"ते काय?"

"जात नाही."

पेपराची घडी झाली. खोली खाली कर, असं आता ऐकावं लागणार म्हणून मी तयारीत होतो. मॅडम उठल्या, जवळ आल्या, आणि आवाज एकदम इस्त्रीचा झाला. "तरंगतं का?"

मला आयुष्यात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी मान हलवली.

"पाण्यावर तवंग येतो? तेलासारखा?"

"येतो."

"भांड्याले चिकटते? वास?"

"मॅडम, लोक ऐकून राहिले."

"ऐकू दे. त्याइलेही पोट आहे." मग त्यांची नजर माझ्या पट्ट्यावर गेली. खिळा तापवून मी स्वतःच पाडलेलं भोक तिथं होतं, आणि त्याच्या पुढे आणखी एक. त्यांनी त्या भोकाला बोट लावलं. "भैताड," त्या इतक्या हळू म्हणाल्या की मला रडू फुटायच्या बेतात आलं. "रोज सकाळी पोट तुले ओरडून सांगून राहिलं, अन् तू वरतून पाणी ओतून राहिला."

त्याच रविवारी त्या सावजीच्या खानावळीतून मटणाच्या रस्स्याचं पार्सल घेऊन आल्या. मॅडम सावजी खायच्या त्याची तऱ्हाही वेगळी. आधी रस्सा काचेच्या ग्लासात ओतायचा, खिडकीत धरायचा, वर आलेली लालभडक तर्री उजेडात डोळे भरून पाहायची आणि मग जेवायला बसायचं. त्या दिवशी मात्र ग्लास माझ्यापुढे ठेवला. वासानं जीव कासावीस झाला.

"ढवळ."

चमच्यानं ढवळलं. तर्री मोडली, गोल गोल फिरली, आणि चमचा काढताच परत वर येऊन जमली.

"पाण्याले तेल चालत नाही. जीव गेला तरी मिसळणार नाही. आता तुह्या पोटात सगळं काम पाण्यातलं. मग हे तेल पचवायचं कसं?" आणि मला काही सुचायच्या आत त्यांनी ग्लासात भांडी घासायच्या साबणाचे थेंब टाकले.

"मॅडम, तर्री होती ती."

"हाव, होती. ढवळ."

ढवळलं. तवंग नाहीसा झाला. सगळा ग्लास गढूळ, तांबूस, दुधट झाला आणि तसाच राहिला.

"हे पित्ताचं कार्य," इस्त्री सुरू झाली. "यकृत पित्तरस तयार करतं, पित्ताशय साठवतं, आणि स्निग्ध घास आतड्यात उतरला की तो सोडला जातो. तेलाच्या मोठ्या थेंबांचे सूक्ष्म थेंब होतात. पण नीट लक्ष दे. तेल पचलं का? नाही. फक्त बारीक झालं." मग इस्त्री उतरली. "तुह्या गोदामात मोठी गाठ आली. कोणाच्या हाती लागत नाही. तिच्या लहान लहान पुड्या केल्या, ते झालं पित्त. पण पुडी उघडून आतला माल कोण काढते?"

"मजूर."

"ते मजूर स्वादुपिंडातून येतात. लायपेज नाव त्याइचं. चरबी तोडून मेदाम्ले मोकळी करतात, मगच ती आतड्यातून रक्ताकडे जातात. तुह्याकडं पुड्या बांधणारा हजर आहे गा. मजूरच येऊन नाही राहिले. माल जसा आला तसा मागच्या दारानं बाहेर."

मी ग्लासाकडे पाहत राहिलो. कुठं पाप केलं, कोणाची नजर लागली, हे दोन वर्षं ऐकत आलो होतो. मजूर आले नाहीत, एवढी साधी गोष्ट असू शकते हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी हसायला लागलो. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या की हे माझं अनुमान, खात्री डॉक्टरच करतील, आणि तू तिथं गेला की परत मुका होशील, म्हणून मी येते.

आम्ही बसनं सीताबर्डीला उतरलो आणि ऑटोनं रामदासपेठ गाठली. वाटेत त्यांनी कंडक्टरला पोट विचारलं. डॉक्टरांच्या खोलीत खुर्चीवर बसण्याआधीच मॅडमनी माझी सगळी सकाळ, रंग-रूप-वासासकट, वर्गात सांगावी तशी सांगून टाकली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो. डॉक्टर माणूस चांगला. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, "हे तुम्ही मला आधी का सांगितलं नाही हो?" मग तपासण्या झाल्या. एक डबी भरून द्यायची होती, तिला मॅडम रस्ताभर 'उत्तरपत्रिका' म्हणत होत्या. निकाल मॅडमच्या अनुमानासारखाच आला. स्वादुपिंडातून पाचकरस पुरेसा उतरत नव्हता. डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिल्या. पाचकरसाच्याच, प्रत्येक जेवणासोबत, आता नेहमीसाठी. आणि म्हणाले, तेल-तुपाला भिऊ नका, अंगाला ते हवंय.

खाली येऊन मॅडमनी मला रस्त्यावर उसाचा रस पाजला. तो चरबीविरहित असतो असंही सांगितलं.

गोष्ट इथं संपायला हवी होती. संपली नाही, कारण गावाहून माय आली.

काटोलकडे आमचं गाव. भाऊ संत्र्याची बाग पाहतो, माय घर. मुलाला कायमचं औषध लागलं म्हटल्यावर ती ज्वारीचं पीठ, वड्या आणि लोणच्याची बरणी घेऊन माझ्या खोलीत येऊन ठाकली, आणि स्टोव्ह, डबे, औषधं, सगळं ताब्यात घेतलं. मी खुशीनं दिलं. औषधं सुरू होऊन दिवस गेले, आठवडे गेले. तवंग जिथल्या तिथं. वजन जिथल्या तिथं. डॉक्टरांनी मात्रा वाढवली. काही नाही. मॅडम रोज सकाळी वरून विचारायच्या, "पोट कसं आहे?" आणि मी आता खरं सांगायचो, "तसंच." त्यांचा चेहरा पडायचा. त्यांना असं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

एका संध्याकाळी माय म्हणाली, "मी मारुतीले बोलली हाय. लेकरू अंगात भरू दे, रोडगे घालीन. अन् पैला रोडगा तूप ओतून माह्याच हातानं खाऊ घालीन तुले."

रोडगे म्हणजे विदर्भातला नवस. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, राखेतून काढून झटकायचे, फोडायचे आणि वरून तुपाची धार. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. तुपाशिवाय रोडगा घशाखाली उतरत नाही, आणि माझ्या पोटात तूप थांबत नव्हतं.

"आता तू तूप पचवशील तवा नवस फिटन," माय म्हणाली, "नाई तर दिवाळी झाली का चाल घरी. मले हे पाह्यल्या जात नाही."

मी तिच्याशी वाद घातला नाही. मलाच पाहवत नव्हतं. दिवाळी फार लांब नव्हती.

मायचं आणि मॅडमचं तोवर जेमतेम जमत होतं. मॅडमच्या वडिलांनी नागपुरात दीक्षा घेतलेली. नवस, उपास असलं काही त्यांच्या घराचा उंबरा कधी ओलांडून आलं नव्हतं. माय बोलायची मारुतीचं, मॅडम बोलायच्या यकृताचं, आणि दोघी एकमेकींचं ऐकून घेतल्यासारखं करायच्या. पण ऐन जेवणाच्या वेळी मॅडम एकदा कोथिंबीर मागायला खाली आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

माय माझं औषध देत होती. म्हणजे काय, तर उकळतं दूध पेल्यात, त्यावर साय, आणि माय कॅप्सूल उघडून आतले दाणे त्यात टाकून चमच्यानं ढवळत होती. लहानपणापासून मला कुठलंही औषध असंच मिळालं आहे. ताप असो, खोकला असो, गरम दुधातून. एवढी मोठी गोळी लेकराच्या घशात अडकायची, म्हणून ती फोडून. मला त्यात वावगं काही वाटलंच नव्हतं. आमच्याकडे कोणालाच वाटलं नसतं.

मॅडम ओरडल्या नाहीत. कोथिंबीर न घेताच वर गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी अंगणात टेबल मांडलं आणि मायला खुर्ची दिली. टेबलावर काचेचे तीन ग्लास, दूध, धुण्याचा सोडा, माझ्या कॅप्सूल आणि एक जुनी तपकिरी बाटली. निवृत्तीच्या दिवशी लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात. मॅडमनी शाल कोणाला तरी देऊन टाकली होती आणि प्रयोगशाळेतून रीतसर मागून ही फिनॉल्फ्थॅलीनची बाटली आणली होती.

त्यांनी तिन्ही ग्लासांत कोमट दूध घातलं, सोड्याचं पाणी, पित्ताच्या जागी साबणाचा थेंब, आणि मग बाटलीतले थेंब. तिन्ही दुधं गुलाबी झाली.

"अग माय," माय म्हणाली. "सरबत केलं काय?"

"पिऊ नका ताई. पाह्यत राहा. दुधात चरबी आहे. ती मोडली का आम्ल तयार होते, अन् आम्ल झालं का हा गुलाबी रंग जाते. रंग गेला म्हंजे चरबी पचली. समजलं?"

"समजलं."

पहिल्या ग्लासात काही टाकलं नाही. दुसऱ्यात कॅप्सूलचे दाणे चमच्यानं चुरून टाकले. तिसऱ्यासाठी मॅडमनी तसेच दाणे चुरले, वाटीभर दुधात टाकून मायसमोर स्टोव्हवर खळखळ उकळले, निवू दिले, आणि ते ओतले. मग तिघं बसलो. ड्रायव्हर मंडळी एकेक करून खोल्यांतून बाहेर आली. माय टेबलावर कोपरं टेकून दुसऱ्या ग्लासाकडे एकटक पाहत होती. रंग फिका पडला. आणखी फिका पडला. आणि मग तो ग्लास नुसत्या दुधाचा ग्लास झाला, पांढराशुभ्र. एका ड्रायव्हरनं टाळी वाजवली. पहिला ग्लास गुलाबीच होता. तिसराही.

माय बराच वेळ तिसऱ्या ग्लासाकडे पाहत राहिली. तिला कोणी काही समजावून सांगितलं नाही. तिनं तो ग्लास हातात घेतला, फिरवून पाहिला आणि खाली ठेवला.

"म्हंजे मी रोज औषध शिजवूनच देऊन राहिली होती."

"तुमाले कोणी सांगितलंच नाही ना ताई," मॅडम म्हणाल्या. "पुडक्यावर बारीक अक्षरात लिवलं असन, कोण वाचते? अंडं शिजलं का पुन्हा कच्चं होत नाही, तसंच आहे हे. मजूर दारातच मरून गेले बिचारे."

मायनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच विचारलं, "मंग आता कसं द्यायचं, ते सांगा." दुःख तिनं तेवढंच केलं. मॅडमनी अंबाड्यातलं पेन काढलं, आणि माझी खात्री आहे की त्यांना मायच्या कपाळावर खूण करायची होती. पण त्यांनी ते पुन्हा खोचून ठेवलं.

कॅप्सूल अख्खी, साध्या पाण्यासोबत. जेवणाआधी नाही, जेवण झाल्यावर नाही. पहिले घास पोटात गेले की लगेच, आणि जेवण लांबलं तर मध्ये पुन्हा. माल आणि मजूर एकाच वेळी दारात पाहिजेत. माय हे इतकं काटेकोर पाळू लागली की मी घास चावत असतानाच पाण्याचा ग्लास नाकासमोर यायचा. आणि काय सांगू, अंगणातली टाकी दुपारपर्यंत पुरायला लागली. पट्टा भोकाभोकानं मागे सरकला. दिवाळीत मी एका सकाळी गेटजवळची खुर्ची उचलली, मालकाच्या केबिनमध्ये नेऊन ठेवली आणि ट्रकवर चढलो. मजुरांनी खालून शिट्ट्या मारल्या. वरून सगळं गोदाम दिसत होतं.

पण तेल मी बेतानंच खात होतो. तुपाची धार अजून बाकी होती, आणि मायला मारुतीची काळजी लागून राहिली होती. हिवाळ्यात रोडगे ठरले. मॅडमना बोलवायला माय स्वतः वर गेली.

"नवस माहा नाही ताई," मॅडम म्हणाल्या. "पण तुपाचा पेपर आहे. तपासणारा पाहिजे. येतो मी."

गावात मारुतीच्या पारापाशी गोवऱ्यांचा आर फुलला होता. रोडगे निघत होते, पंच्यांत झटकले जात होते. पंगत बसली, पत्रावळी मांडल्या, वांग्याची भाजी वाढून झाली. मॅडम बसल्या नाहीत. त्यांनी कोणाच्या तरी हातातून तुपाचं भांडं घेतलं आणि स्वतः वाढायला लागल्या. माझ्यासमोर रोडगा फुटला, वरून धार पडली, तूप पानातून वाहायला लागलं. आता पुकारा होणार, जेवण सुरू होणार, असं पाहून मी घाईनं घासाआधीच कॅप्सूल तोंडात टाकल्या आणि पाण्याचा घोट घेतला.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "थांबा, व्याही येऊन राहिले. गाडी फाट्यावर हाय."

भावाचे सासरे. ते आल्याशिवाय पंगत घासाला हात कशी लावणार? सगळे हात मांडीवर. मीही हात मांडीवर ठेवला, आणि मग माझ्या लक्षात आलं. फाट्यापासून गाव काही जवळ नाही. मॅडमनी माझं तोंड दुरूनच वाचलं.

"घेतल्या?" त्यांनी तिथूनच विचारलं.

मी मान हलवली.

"मग काय पाहून राहिला? मजूर आत जाऊन बसले, माल पानावर! खा."

अख्खी पंगत मॅडमकडे पाहायला लागली. एक म्हातारबुवा म्हणाले, "बाई, मोठी माणसं आल्याशिवाय घास घेत नसतात आमच्याकडं." मॅडम थबकल्या. इथं त्या पाहुण्या होत्या. मी घास उचलला नव्हता, आणि उचलायची माझी छाती नव्हती.

मग माय उठली. आराच्या धगीनं तोंड लाल झालेलं, पदर कमरेला. पंगतीच्या मधोमध येऊन ती म्हणाली, "नवस माहा हाय. मारुतीले मी बोलली का पैला रोडगा माह्या लेकाचा. व्याह्याचा नाही बोलली." आणि माझ्यापुढे बसून तिनं रोडग्याचा तुकडा तुपात बुडवला आणि माझ्या तोंडात घातला.

मारुतीला दिलेल्या शब्दापुढे व्याह्यांचं काय चालणार होतं? मी चावत होतो आणि सगळा गाव माझा जबडा पाहत होता. मी गिळलं. "हर हर महादेव," म्हातारबुवांनीच पुकारा केला, आणि पंगतीनं असा आवाज उठवला की पारावरचे कावळे उडाले. व्याही आले तेव्हा मी तिसऱ्या रोडग्यावर होतो. मॅडम भांडं घेऊन माझ्या मागेच उभ्या होत्या आणि मी पुरे म्हटलं की धार जरा जाड करत होत्या.

सकाळी भावाच्या घरामागच्या संडासातून मी बाहेर आलो, तर समोर बाजेवर मॅडम बसलेल्या. स्पोर्ट्स शूज, हातात चहाची बशी. शेजारी माय. दोघींमध्ये रात्रीतून काय ठरलं होतं माहीत नाही, पण दोघी एकदमच म्हणाल्या, "काय गा?"

एवढ्या वर्षांची लाज कुठं गेली कोण जाणे. मी भर अंगणात, भावासमोर, वहिनीसमोर, छाती काढून सांगितलं, "बुडालं, मॅडम."

"तवंग?"

"नाही."

"पाणी किती लागलं?"

"एकच बादली."

माय मारुतीच्या दिशेनं हात जोडून बसल्या जागी वाकली. मॅडमनी बशी खाली ठेवली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. अंबाड्यातून लाल पेन निघालं.

"अन् मारुतीले?" मायनं विचारलं. "त्यालेही एक खूण करा."

"त्याचा पेपर माह्याकडं नाही वं ताई. तुमाले करतो." आणि त्यांनी खरोखरच मायचा हात ओढून तिच्या तळव्यावर बरोबरची लाल खूण केली. माय ती उन्हात धरून पाहत बसली.

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी उजवा हात पुढे केला.

"डावा दे," मॅडम म्हणाल्या. "उजव्यानं जेवायचं आहे तुले. रोडगे उरले आहेत."